घरतबाई आणि शेवटच्या बाकावरचे तळेकर

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती माइकच्या शिट्टीची. पनवेलला येऊन साउंडच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अजूनही प्रत्येक माइक दोनदा तपासतो. घरतबाईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी वायरी अंथरत होतो आणि बाई खुर्चीत बसून शेंगा सोलत माझ्या हातांकडे बघत होत्या.

"गाव कुठलं तुझं?"

"हिंगोलीकडचं."

"शाळा?"

"आठवीपर्यंत. म्हणजे आठवीत होतो. पूर्ण झाली नाही."

"बरं. मध्येच शिट्टी वाजली तर काय करायचं ठरवलंयस?"

"आवाज कमी करीन आणि माफी मागीन."

"माफी नको मागू," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटेल पाहुणेच काहीतरी चुकीचं बोलले. घे, शेंगा खा."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी हिंगोली झालो. "हिंगोली, पंखा बंद कर, घरघर येतेय." "हिंगोली, पाहुण्यांचा माइक जरा वर घे, त्यांची मान अवघडली." माझं नाव विठ्ठल आहे हे त्यांना ठाऊक होतं. रेकॉर्डिंगच्या शेवटी माझं नाव त्याच घालायला लावायच्या. पण तोंडाने कायम हिंगोली. गाव सोडून आलेल्या माणसाला कुणी रोज त्याच्या जिल्ह्याच्या नावाने हाक मारावी, याचं मला काय वाटायचं ते नीट सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की त्या हॉलमध्ये मला परकं वाटलं नाही.

घरतबाई, घरच्यांसाठी नलू, पनवेलच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी एका गावातलं, आजोळ चिरनेरकडचं. उंच, काटक बांधा आणि फळ्यापुढे आयुष्य घालवून बसलेला घसा. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी त्या कुणातरी माहितीपट काढणाऱ्याला किंवा लेखकाला पनवेलला बोलवायच्या आणि दीड-दोन तास गप्पा मारायच्या. संस्कृती, राजकारण, जात, जमीन, देवळं, निवडणुका, कशाचंही वावडं नव्हतं. मात्र त्या हॉलमध्ये काही गोष्टी व्हायच्याच नाहीत. स्टेज नाही. दीपप्रज्वलन नाही. शाल-श्रीफळ नाही. पाहुण्यांची ओळख वाचून दाखवणं नाही. "ओळख झाल्यावर माणूस त्या ओळखीसारखा बोलायला लागतो," असं त्या म्हणायच्या. वाचनालयाच्या अध्यक्षांना शालीचा फार सोस होता. एकदा त्यांनी गुपचूप शाल आणून ठेवली. बाईंनी ती माझ्या मिक्सरवर पांघरली आणि म्हणाल्या, "याला थंडी वाजते एसीत."

त्यांची एक खास रीत होती, आणि त्या रीतीसाठीच पनवेलची माणसं जिना चढून वर यायची. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची राखून ठेवलेली असे. सिनेमा किंवा पुस्तक ज्याच्यावर आहे, त्याच्यासाठी. पाहुण्याने त्याला सोबत आणायचं. नाही आणलं तर बाई स्वतः शोधून आणायच्या, रिक्षाचं भाडं देऊन. तेही जमलं नाही तर खुर्ची रिकामी राहायची, पाहुण्याच्या बरोबर समोर. आणि पाहुण्याला पहिला प्रश्न नेहमी तोच: "ज्याची गोष्ट, त्याला विचारलंत का? झाल्यावर दाखवलीत का?"

भले भले इथे अडखळायचे. मुंबईहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "वेळ नाही मिळाला." बाई मान डोलावून म्हणाल्या, "होतं असं. आपण थांबू. तुम्ही पाणी प्या." आणि खरंच थांबल्या. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की मला वाटलं माझा माइक गेला.

शेवटच्या बाकावर तळेकर बसायचे. निदान पहिलं वर्षभर तरी मी असंच समजत होतो. पाहुणा पुस्तकी बोलायला लागला की बाई हात वर करायच्या. "एक मिनिट. मागे आमचे तळेकर बसलेत, त्यांना हे कळलं नाही. जरा सोपं करून सांगता?" एक नामवंत लेखक एकदा सांस्कृतिक वर्चस्वावर बोलत होते. दर दोन वाक्यांनी तळेकरांना कळेना. शेवटी लेखक खुर्चीतून उठलेच, मागे बघत म्हणाले, "तळेकरसाहेब, असं बघा, तुमच्या लग्नात बँडवर कुठलं गाणं वाजलं, ते तुम्ही ठरवलं होतं का?" हॉल हसला. तिथून पुढे ते असे सुंदर बोलले की मी रेकॉर्डिंगचा आवाज बघायचा विसरलो. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी तळेकरांना भेटायची इच्छा सांगितली.

"निघाले ते," बाई म्हणाल्या. "उरणची एसटी चुकली असती."

मी सामान गुंडाळताना विचारलं, "बाई, तळेकर दिसायला कसे आहेत? मला कधी दिसलेच नाहीत."

"मलाही नाही दिसले," बाई म्हणाल्या. "पण ते असतात म्हणून आपलं बरं चाललंय."

मग मला कळलं की हॉलमधल्या बहुतेक जुन्या लोकांना हे माहीत होतं आणि कुणीही पाहुण्यांना सांगत नव्हतं. मीही नाही सांगितलं.

सिनेमा बघायची त्यांची पद्धत वेगळीच. माझ्या दुकानात येऊन माझ्या कॉम्प्युटरवर त्या प्रत्येक माहितीपट तीनदा बघायच्या. एकदा सगळ्यांसारखा. एकदा डोळे मिटून, नुसता कानाने. आणि एकदा आवाज बंद करून. "आवाज बंद केला की कोण कोणाकडे बघतंय ते कळतं," त्या म्हणायच्या. "बोलणाऱ्याकडे बघू नकोस, हिंगोली. त्याच्या शेजारच्याकडे बघ." मी त्यांच्यासोबत बघत बसायचो. गिऱ्हाईक आलं तर बाईच सांगायच्या, "अर्ध्या तासाने या. तो शाळेत आहे."

आखातात गेलेल्या कोकणी माणसांच्या घरांवर एकाने माहितीपट काढला होता. त्यात पनवेलच्या मोहल्ल्यातल्या जुबैदाखाला होत्या. बाईंनी त्यांना पहिल्या खुर्चीत आणून बसवलं. पडद्यावर खाला खिडकीत बसून रस्त्याकडे बघतायत, मागे सारंगी. दिवे लागले, बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि माइक खालांकडे गेला.

"बेटा, चांगली काढलीस," खाला म्हणाल्या. "अल्ला बरकत देवो. पण तू मला खिडकीत फार बसवलंस. मी कधी बसते खिडकीत? माझ्याकडे लग्नांच्या बिर्याणीच्या ऑर्डरी असतात. माझ्या हाताखाली चार बायका आहेत. माझे मियाँ कुवेतहून फोन करतात तर मी म्हणते, नंतर करा, देग उतरवायची आहे."

तो मुलगा लाजला, पण हसलाही. म्हणाला, "खाला, खिडकीत उजेड चांगला येत होता."

"उजेड स्वयंपाकघरात पण येतो," खाला म्हणाल्या.

त्यावर बाईंनी तासभर गप्पा नेल्या. दुःखी बाई दाखवायला सोपी का, कामात असलेली बाई का दिसत नाही, मुसलमान घर म्हटलं की खिडकी आणि जाळीच का. आणि मग चिरनेरचा विषय त्यांनीच काढला. "आमच्या आजोळी जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांची नावं पोरांना पाठ असतात. त्यांच्या मागे ज्या बायकांनी घरं चालवली, त्यांची नावं मला पण येत नाहीत. आणि मी मास्तरीण." असं स्वतःवर घेऊन बोलायच्या, त्यामुळे समोरच्याला राग धरता येत नसे.

त्या खुर्चीत एकदा मीही बसलो आहे. वीटभट्टीवरच्या कुटुंबांवर पुस्तक लिहिलेले लेखक आले होते. माझी आठवी वीटभट्टीमुळेच राहिली, आईबापाबरोबर दर हंगामाला आम्ही इकडे यायचो, हे बाईंना ठाऊक होतं. ऐनवेळी त्या म्हणाल्या, "हिंगोली, इकडे ये. मिक्सर आपला आपण चालेल." मी बसलो. माइक हातात होता. दुसऱ्यांचे माइक धरायची सवय, पण तो तोंडाजवळ नेल्यावर मला एक शब्द सुचेना. नुसता घसा खाकरला. लेखक उठून पाणी घेऊन आले. बाई घाई न करता थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "हे पण उत्तरच आहे. ऐकलंत ना?" पुढे ते रेकॉर्डिंग मी गावाकडे फोनवर आईला ऐकवलं. आई म्हणाली, "कावून बोलला नाहीस रे? पण तुझा खोकला वळखला म्या." मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या, आणि मग चष्मा पुसत होत्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

विमानतळासाठी उठलेल्या गावांवर पुण्याच्या एका तरुण मुलीने माहितीपट काढला. मेहनती मुलगी, गावं उठत होती तेव्हा कित्येक महिने तिथे राहिलेली; माहितीपट पुरा करायला तिला पुढे काही वर्षं लागली. बाईंनी तिला बोलावलं आणि माझ्या दुकानात माहितीपट बघायला बसल्या. अर्ध्यावर त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. पडद्यावर बाईंचं माहेरचं गाव होतं, आणि त्यात त्यांचे थोरले भाऊ बाळारामदादा.

गावाचं तेव्हा ठरलं होतं की सगळ्यांच्या मागण्या मान्य होईपर्यंत घर सोडायच्या कागदावर कुणी सही करायची नाही. बाळारामदादांनी आधी सही केली आणि नव्या वसाहतीत राहायला गेले. बाईंनी भर गावसभेत, त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की हा माणूस आईचा उंबरठा विकून मोकळा झाला. तेव्हापासून भाऊ-बहीण बोलत नव्हते. पुढे आई गेली तेव्हाही बाई दादांच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच परतल्या. सगळ्या पनवेलला हे माहीत होतं. माहितीपटात तो प्रसंग काही सेकंदांचाच. पहिल्यांदा सही करणारे, असं निवेदन, खालून ढोलाचा जड आवाज, आणि बाळारामदादा नव्या घराचं कुलूप उघडतायत.

बाईंनी तो आवाजासकट बघितला. डोळे मिटून ऐकला. मग आवाज बंद करून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

"थांबव," त्या म्हणाल्या. "काय दिसतंय?"

"दार उघडलं."

"आणि?"

मी नीट बघितलं. दादांनी दार ढकललं होतं, पण ते आत गेले नव्हते. बाजूला सरकून, दाराला हात लावून, मागे वळून बघत होते. तिथेच दृश्य संपत होतं.

बाई उठल्या. शेंगांची टरफलं कागदात गुंडाळली आणि गेल्या.

बातमी पसरली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, या वेळी ती खुर्चीची पद्धत बाजूला राहू द्या. घरचा मामला आहे. लोक तमाशा बघायला येतील." बाईंच्या गावाकडचे काही म्हणाले, बाळारामला बसवणार असाल तर आम्ही येणार नाही. जुन्या श्रोत्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. इतक्या पाहुण्यांना जे विचारलं, ते स्वतःच्या घराला लागू करणार का? नाही केलं, तर ती खुर्ची पुन्हा मांडायला तोंड राहणार नव्हतं.

"जुबैदाला आणताना घरचा मामला नव्हता का?" बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "रिक्षा पाठवते मी."

त्या शनिवारी हॉल भरला. येणार नाही म्हणालेले गावाकडचेही आले. पहिली खुर्ची रिकामी होती. मी दोन माइक तपासले, मग पुन्हा तपासले. माहितीपट अर्ध्यावर आला तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि बाळारामदादा आले. बाईंसारखेच उंच, पांढरा सदरा, हातात स्कूटरची चावी. रिक्षा त्यांनी परत पाठवली होती. अंधारातच पहिल्या खुर्चीत बसले आणि स्वतःलाच पडद्यावर कुलूप उघडताना बघितलं.

दिवे लागले. बाईंनी मुलीला विचारलं, "ज्याची गोष्ट, त्याला विचारलंत का?"

मुलगी खरं बोलली. "गावातल्या पुष्कळांना दाखवली. यांना नाही दाखवली. हे माझ्याशी बोलतील असं वाटलं नाही."

"कुलपाच्या दृश्यात हे दार उघडून थांबलेत. कोणासाठी?"

मुलीने आठवून बघितलं. "मागून कुणीतरी येत होतं बहुतेक. तिथे मी कापलं."

बाई वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाकडे बघितलं असावं. पाहुण्यांशी बोलायची भाषा त्यांनी बाजूला ठेवली.

"दादूस, कोनासाठी थांबला व्हतास?"

मी जाऊन माइक त्यांच्या हातात दिला. ते बाईंकडे न बघता बोलले.

"आयसाठी. आय मागशी येत व्हती, हलूहलू. ती मना बोलली व्हती, बाला, घर पारताना मना दाखवू नको. जेसीबी यायच्या आधी मना ने. आनि नलूला सांगू नको, ती शिकलेली हाय, गावासाठी भांडतेय, तिचा पाय मागं नको. म्हनून सही केली. म्हनून सांगितला नाय."

मी मिक्सरकडे धावत परतलो होतो आणि आवाजाचा काटा बघत होतो. आवाज स्वच्छ आला होता, शब्द न् शब्द. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण ते माझं काम आहे.

बाई खाली बघत होत्या. मग त्यांनी हात वर केला, नेहमी करायच्या तसा.

"दादूस," त्या म्हणाल्या. "मागं आमचे तळेकर बसलेत. त्यांना ऐकू नाय आला. परत सांग. मोठ्यानं सांग."

ज्या सभेत बाईंनी भावाला बोल लावला होता, तिथले कितीतरी लोक त्या दिवशी हॉलमध्ये होते. बाळारामदादांना तळेकर कोण ते माहीत नव्हतं. ते उभे राहिले, शेवटच्या बाकाकडे वळले आणि सगळं पहिल्यापासून मोठ्याने सांगितलं. आमच्यापैकी ज्यांना तळेकर माहीत होते, ते सगळे वळून शेवटच्या बाकाकडे बघत होते. ते बाक तेव्हा गावाकडच्या लोकांनी भरलेलं होतं.

सांगून झाल्यावर बाई त्या मुलीला म्हणाल्या, "तुम्ही एकदा नाही विचारलंत. मी इतकी वर्षं नाही विचारलं. बसा, आता सिनेमाबद्दल बोलू." आणि त्या बोलल्या. पुढचा तासभर कापलेल्या दृश्यावर, गावाने एकजूट राखायची म्हणजे काय, एकेकट्या माणसाचं कारण त्यात कुठे ठेवायचं, यावर अशा गप्पा झाल्या की तशा मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. मुलगी रडली नाही. तिने तिथेच सांगितलं की तो तुकडा ती पुन्हा जोडेल, आई आत जाईपर्यंत. बाई म्हणाल्या, "जोडलात की आधी त्याला दाखवा."

त्यानंतर पावसाळ्याची सुट्टी होती. बाई गौरी-गणपतीला भावाकडे, त्या नव्या घरात राहायला गेल्या आणि तिथेच एका दुपारी झोपेत गेल्या. मी गावी होतो. मला पोचता आलं नाही. हॉल आता दुसरे चालवतात, मी साउंड करतो, पहिली खुर्ची अजून मांडतात. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकून कुणीतरी मला सुचवलं, एकच गोष्ट दोनदा आली आहे, एक काढून टाक. मी काढलेलं नाही. आठवी न झालेल्या माणसाने आयुष्यात अभिमानाने दाखवावं असं माझ्याकडे ते एक आहे, आणि त्यावर शेवटी माझं नाव आहे, बाईंनी घालायला लावलेलं.

दादा आले होते त्या संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होतो. खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून जिन्यापर्यंत गेलो. बाळारामदादा पुढे, बाई मागे एका बाजूला बसलेल्या, मांडीवर पिशवी, एक हात भावाच्या खांद्यावर. मला बघून त्यांनी हाक मारली.

"हिंगोली, तळेकर उतरले का बघ. मगच दिवे घालव."

स्कूटर तळ्याच्या बाजूला वळली. मी वर गेलो, शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघितलं, आणि मगच दिवे घालवले.